सेल्फ स्टोरेज व्यवसाय आणि पुनर्वापराची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

मराठी वाचकाला ‘वखार’ हा शब्द नवा नाही. सुरत आणि राजापूर येथील इंग्रजांच्या वखारी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाच्या झालेल्या आहेत. लाकडाची वखार, कोळशाची वखार ही नावे आपल्या शहरांतून अगदी अलीकडेपर्यंत रूढ होती आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या नावात हा शब्द आजही टिकून आहे. या सर्व वखारींत साठविला जाणारा माल व्यापाराचा अथवा शेतीचा असे. तो आज ना उद्या विकला जाणार, हे ठरलेले असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मात्र एका निराळ्या वखारीचा उदय झाला. तीत सामान्य कुटुंबाच्या घरात न मावणारा संसार ठेवला जाऊ लागला. मासिक भाडे भरून एक लहानसा गाळा घ्यायचा, त्याला आपले स्वतःचे कुलूप लावायचे आणि हवे तेव्हा येऊन वस्तू ठेवायच्या वा न्यायच्या, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. यालाच ‘सेल्फ स्टोरेज’ असे म्हणतात.

आज हा व्यवसाय स्वतःची ओळख पर्यावरणस्नेही व्यवसाय म्हणून करून देत असतो. जुन्या खोक्यांचा पुनर्वापर, पुठ्ठ्याचे पुनर्चक्रीकरण, जुन्या इमारतींचे नूतनीकरण, छतावरील सौर पटले या बाबींचा उल्लेख कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ठळकपणे केलेला आढळतो. या बाबी खऱ्या आहेत. तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढचा एक प्रश्न पडतो. ज्या खोक्यातून वस्तू आली, त्या खोक्याचा हिशेब ठेवला जातो; परंतु त्या खोक्यातील वस्तूचे पुढे काय होते, याचा हिशेब कोण ठेवतो? प्रस्तुत शोधनिबंध या प्रश्नाभोवती गुंफलेला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) घरगुती सामानाच्या साठवणीच्या व्यवसायाची ऐतिहासिक वाटचाल समजून घेणे.
२) या व्यवसायातील पुनर्वापराच्या पद्धती कोणत्या आर्थिक व सामाजिक कारणांतून निर्माण झाल्या, याचा शोध घेणे.
३) आजच्या शाश्वत पद्धतींचे त्या परंपरेच्या आधारे मूल्यमापन करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अभ्यासाचे क्षेत्र प्रामुख्याने अमेरिका व इंग्लंड एवढे मर्यादित ठेवले आहे. येथे ‘पुनर्वापर’ म्हणजे वस्तू आहे त्या रूपात पुन्हा वापरणे आणि ‘पुनर्चक्रीकरण’ म्हणजे वस्तू मोडून तिच्या कच्च्या मालापासून नवी वस्तू बनविणे, असा अर्थभेद अभिप्रेत आहे. पुठ्ठ्याचे खोके दुसऱ्या कुटुंबाने वापरले तर तो पुनर्वापर होय; ते लगद्याच्या गिरणीत गेले तर ते पुनर्चक्रीकरण होय. सामान्य व्यवहारात या दोन संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जातात. तथापि, दोहोंसाठी लागणारी ऊर्जा, पाणी आणि वाहतूक यांत मोठी तफावत असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

३. पूर्वपीठिका : सामानघरांचा काळ

घरगुती सामान भाड्याने सांभाळण्याचा व्यवसाय सेल्फ स्टोरेजपेक्षा बराच जुना आहे. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात मॉटकोम्ब स्ट्रीट येथे १८३० च्या सुमारास ‘पँटेक्निकॉन’ नावाची एक भव्य इमारत उभी राहिली. आरंभी तेथे कलावस्तूंची विक्री होत असे. पुढे ती धनिक कुटुंबांचे फर्निचर, चित्रे व गाड्या सांभाळणारे सामानघर म्हणून प्रसिद्धीस आली. ही इमारत आगीपासून सुरक्षित आहे, असा तिचा लौकिक होता. परंतु फेब्रुवारी १८७४ मधील भीषण आगीत ती आतील मौल्यवान सामानासह भस्मसात झाली आणि तिचा स्तंभयुक्त दर्शनी भाग तेवढा शिल्लक राहिला. या सामानघराचे नाव मात्र इंग्रजी भाषेत रुजले. फर्निचर वाहून नेणाऱ्या मोठ्या गाडीला इंग्लंडमध्ये ‘पँटेक्निकॉन’ म्हणण्याचा प्रघात पडला. लंडनमध्येच थेम्स नदीकाठी बार्न्स येथे हॅरॉड्स या प्रख्यात दुकानाचे विशाल सामानघर होते. अमेरिकेत बेकिन्स बंधूंनी १८९१ मध्ये आयोवा राज्यातील सू सिटी येथे सामान हलविण्याचा व साठविण्याचा व्यवसाय सुरू केला.

या काळातील सामानघरांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. येथे ग्राहक स्वतः गोदामात जात नसे. कंपनीचे कामगार सामान बांधत, वाहून आणत, नोंदवहीत उतरवून घेत आणि मागणी झाल्यावर परत पोहोचवीत. साहजिकच बांधणीचे साहित्य कंपनीच्या मालकीचे असे. लाकडी पेट्या, घोंगड्या, दोरखंड, गवताचा पेंढा या साहित्याचा खर्च कंपनीलाच सोसावा लागत असल्याने एकच पेटी व एकच घोंगडी अनेक घरांच्या सामानासाठी फिरत राहणे तिच्या फायद्याचे होते. यामागे पर्यावरणाचा विचार नव्हता. काटकसर मात्र निश्चितपणे होती.

या संदर्भात चहाच्या पेटीचे उदाहरण विशेष बोलके आहे आणि त्याचा संबंध थेट भारताशी येतो. आसाम, दार्जिलिंग व सिलोन येथील मळ्यांतून इंग्लंडला जाणारा चहा लाकडी पेट्यांतून पाठविला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पेट्या हलक्या पण मजबूत प्लायवूडच्या बनू लागल्या. त्यांच्या कडांना धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असत आणि आतून धातूच्या पातळ पत्र्याचे अस्तर असे. कोलकात्याहून निघालेली अशी पेटी लंडनला रिकामी झाली की तिचे मूळ काम संपत असे. परंतु तेथील सामान हलविणाऱ्या कंपन्यांना नेमकी अशीच पेटी हवी होती. परिणामी, ब्रिटनमधील कित्येक पिढ्यांची पुस्तके व काचसामान भारतीय चहाच्या पेट्यांतून एका घरातून दुसऱ्या घरात गेले. १९५० च्या दशकात तर तरुण वादकांनी या पेटीला काठी व तार जोडून तिचे तंतुवाद्यही बनविले. १९७० व १९८० च्या दशकांत कंटेनर वाहतूक व कागदी पोती यांचा प्रसार झाला, चहाची पेटी दुर्मीळ झाली आणि ही पुनर्वापराची साखळी आपोआप खंडित झाली.

या उदाहरणातून एक सूत्र हाती लागते. एखादी वस्तू पुन्हा वापरली जाते ती तिला पुढचा धनी तयार असतो म्हणून. चहाच्या पेटीला तो तयार होता. पुढील विवेचनात या सूत्राचा वारंवार उपयोग होणार आहे.

४. लाकडी पेटीकडून पन्हळी पुठ्ठ्याकडे

आज साठवणीच्या व्यवसायाचे चिन्हच होऊन बसलेले पन्हळी पुठ्ठ्याचे खोके ही एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये काचेच्या बाटल्या व दिव्यांच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी पन्हळी कागदाचे एकस्व मिळविले. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचे अस्तर जोडून तो अधिक भक्कम केला. ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर यांनी कापणे व घडीच्या रेषा पाडणे ही दोन्ही कामे यंत्राने एकत्र करण्याची युक्ती शोधून काढली. त्यामुळे सपाट अवस्थेत पाठविता येणारे व जागेवर उभे करता येणारे खोके स्वस्तात बनू लागले.

तरीही लाकडी पेटीची सद्दी सहजासहजी संपली नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणाऱ्या मालावर अमेरिकेतील रेल्वे कंपन्या जादा दर आकारत असत. १९१४ मध्ये तेथील आंतरराज्य वाणिज्य आयोगाने ‘प्रिडहॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात हा भेदभाव अयोग्य ठरविला आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचा मार्ग मोकळा झाला.

या बदलाचा पुनर्वापरावर झालेला परिणाम दुहेरी होता. लाकडी पेटी महाग असल्यामुळे ती जपली जाई. पुठ्ठ्याचे खोके स्वस्त असल्यामुळे ते एकदा वापरून टाकून देणे परवडू लागले. दुसरीकडे, टाकलेल्या पुठ्ठ्याला कागद गिरण्यांकडून मागणी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शाळकरी मुलांच्या मदतीने रद्दी कागद गोळा करण्याच्या मोठ्या मोहिमा राबविण्यात आल्या, कारण युद्धसाहित्याच्या बांधणीसाठी पुठ्ठा हवा होता. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्याच वर्षी शिकागोच्या ‘कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या पुठ्ठा बनविणाऱ्या कंपनीने पुनर्चक्रीकरणाच्या चिन्हासाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विद्यार्थी गॅरी अँडरसन याने काढलेले तीन बाणांचे चिन्ह निवडले गेले. आज जगभर परिचित असलेल्या या चिन्हाचा जन्म खोके बनविणाऱ्या उद्योगाच्या आश्रयाने झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुनर्चक्रीकरणाची आपली कल्पनाच आरंभापासून वेष्टनाभोवती घडत गेली, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

५. सेल्फ स्टोरेजचा उदय

आधुनिक सेल्फ स्टोरेजचा आरंभ सर्वसाधारणपणे १९६४ पासून मानला जातो. टेक्सास राज्यातील ओडेसा या तेलव्यवसायाच्या गावी रस विल्यम्स यांनी आपल्या कुटुंबीयांच्या साहाय्याने भाड्याच्या गाळ्यांची एक साधी इमारत उभारली. तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना आपली अवजारे व सामान ठेवण्यास जागा हवी होती. १९७२ मध्ये वेन ह्यूज व केनेथ व्होक यांनी कॅलिफोर्नियात ‘पब्लिक स्टोरेज’ या कंपनीची स्थापना केली. तिचे पहिले केंद्र एल कहोन येथे सुरू झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात ‘शरगार्ड’ ही कंपनी निघाली. १९४५ पासून सामान वाहण्याच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या ‘यू-हॉल’ने १९७४ मध्ये या व्यवसायात पदार्पण केले आणि १९७५ मध्ये व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज अमेरिकेत अशा केंद्रांची संख्या पन्नास हजारांहून अधिक असून सुमारे दहा कुटुंबांमागे एका कुटुंबाने गाळा घेतलेला असतो.

या वाढीमागील एक आर्थिक कारण विशेष उल्लेखनीय आहे. आरंभीच्या काळात अनेक उद्योजकांनी हे गाळे तात्पुरते समजूनच बांधले होते. शहराबाहेरील जमीन विकत घ्यायची, तिची किंमत वाढेपर्यंत तेथे स्वस्तातील पत्र्याचे गाळे बांधून भाडे मिळवायचे आणि पुढे ती जमीन विकायची, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात गाळ्यांचे भाडेच इतके किफायतशीर ठरले की तात्पुरती बांधकामे कायमची झाली. गाळ्यांच्या बाबतीत जे घडले, तेच गाळ्यांतील वस्तूंच्याही बाबतीत घडले. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून ठेवलेले सामान वर्षानुवर्षे तेथेच राहू लागले.

घरे लहान असल्यामुळे बाहेर जागा घ्यावी लागली, असे स्पष्टीकरण अमेरिकेच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. तेथील जनगणना विभागाच्या आकडेवारीनुसार नव्याने बांधलेल्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्रफळ १९७३ मध्ये सुमारे १,६६० चौरस फूट होते. २०१५ मध्ये ते २,६८० चौरस फुटांच्या घरात गेले. याच काळात कुटुंबाचा सरासरी आकार घटला. १९७० मध्ये तो ३.१४ होता, तो २०१५ मध्ये २.५४ वर आला. म्हणजे घर वाढले, माणसे कमी झाली आणि तरीही वस्तू बाहेर ठेवाव्या लागल्या. स्थलांतर, घटस्फोट, मृत्यू, नोकरीतील बदल, सैन्यातील बदली ही गाळा घेण्याची तात्कालिक कारणे असतात. परंतु त्यामागील व्यापक कारण वस्तूंच्या खरेदीचा वाढलेला वेग हेच आहे. सुसान स्ट्रॅसर या इतिहासकार विदुषीने ‘वेस्ट अँड वॉन्ट’ (१९९९) या ग्रंथात, एकोणिसाव्या शतकातील दुरुस्ती व पुनर्वापराची घरगुती संस्कृती विसाव्या शतकात कशी मागे पडली, याचे सविस्तर विवेचन केले आहे. सेल्फ स्टोरेजचा उदय या प्रक्रियेच्या पुढच्या टप्प्यावर झाला, असे म्हणता येईल. दुरुस्त करण्याची सवय मोडली होती. टाकून देण्याची मनाची तयारी मात्र झाली नव्हती. या दोहोंच्या मधली जागा गाळ्याने भरून काढली.

६. व्यवसायातील शाश्वत पद्धती व त्यांचे मूल्यमापन

आज या व्यवसायात आढळणाऱ्या शाश्वत पद्धती स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार बांधणीच्या साहित्याचा होय. यू-हॉलच्या केंद्रांतून वापरलेली खोकी ठेवण्याची व दुसऱ्याने ती विनामूल्य नेण्याची सोय असते. काचसामानाभोवती भरावयाचे दाणे थर्माकोलऐवजी मक्याच्या स्टार्चपासून बनविलेले असतात व ते पाण्यात विरघळतात. काही ठिकाणी पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी प्लॅस्टिकच्या मजबूत पेट्या भाड्याने मिळतात आणि काम झाल्यावर त्या परत केल्या जातात. ही शेवटची पद्धत नवी वाटली, तरी पेटी कंपनीच्या मालकीची ठेवून ती अनेक घरांत फिरविणे ही सामानघरांच्या काळातीलच रीत आहे. त्या दृष्टीने ही एका जुन्या शहाणपणाची पुनःस्थापना होय.

दुसरा प्रकार इमारतींचा आहे. नवी इमारत बांधताना सिमेंट व पोलादाच्या निर्मितीसाठी मोठ्या प्रमाणावर ऊर्जा खर्च होते. जुनी भक्कम इमारत वापरात आणल्यास तो खर्च वाचतो. गाळ्यांना खिडक्यांची व उजेडाची फारशी गरज नसल्याने बंद पडलेले कारखाने, गोदामे व दुकाने या कामासाठी सोयीची ठरतात. केमार्ट व सीअर्स या साखळी दुकानांच्या अवनतीनंतर त्यांच्या अनेक ओस इमारती यू-हॉलने विकत घेऊन तेथे गाळे बांधले. ज्या दुकानातून एका पिढीने वस्तू विकत नेल्या, त्याच छताखाली त्या वस्तू भाडे भरून ठेवण्याची वेळ पुढे आली, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

तिसरा प्रकार ऊर्जेचा आहे. माणसांचा वावर कमी असल्यामुळे या इमारतींत पाणी व वीज तुलनेने थोडी लागते. हालचाल जाणवताच लागणारे व नंतर आपोआप बंद होणारे दिवे येथे उपयुक्त ठरतात. विस्तीर्ण सपाट छतांवर सौर पटले बसविता येतात. ब्रिटनमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या ‘बिग यलो’ कंपनीने आपल्या अनेक केंद्रांवर अशी पटले बसविली आहेत. याच्या उलट, तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवणाऱ्या गाळ्यांचा प्रसार झाल्यापासून निर्जीव वस्तूंसाठी अहोरात्र वातानुकूलन चालू ठेवावे लागते, ही बाबही नोंदविली पाहिजे.

या तिन्ही प्रकारांत तथ्य आहे व त्यांचे स्वागतच करावयास हवे. परंतु हे तिन्ही प्रकार वेष्टनाचे आहेत. खोके हे वस्तूचे वेष्टन. गाळा व इमारत हे खोक्याचे वेष्टन. आत जे ठेवले आहे, त्याला यांपैकी एकही पद्धत स्पर्श करीत नाही.

७. गाळ्यातील वस्तूंचे भवितव्य

हा मुद्दा आकडेवारीच्या आधारे अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ या वर्षासाठी दिलेल्या आकड्यांनुसार त्या देशात पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा सुमारे ३ कोटी ३३ लाख टन कचरा निर्माण झाला. त्यापैकी सुमारे ३ कोटी २१ लाख टन, म्हणजे ९६.५ टक्के, पुनर्चक्रीकरणासाठी गेला. पुढे तेथील कागद उद्योगाच्या संघटनेने मोजणीची पद्धत सुधारल्यावर २०२३ साठी हे प्रमाण ७१ ते ७६ टक्के असे कमी आले. तरीही ते मोठेच आहे. आता फर्निचर व गृहसजावटीच्या सामानाकडे पाहू. १९६० मध्ये या प्रकारचा कचरा सुमारे २२ लाख टन होता. २०१८ मध्ये तो १ कोटी २१ लाख टन झाला. त्यापैकी ८०.१ टक्के क्षेपणभूमीत पुरला गेला, १९.५ टक्के जाळला गेला आणि पुनर्चक्रीकरण केवळ सुमारे ०.३ टक्के झाले. हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत, केवळ साठवणगाळ्यांचे नव्हेत. शिवाय दान वा पुनर्विक्री झालेली वस्तू कचऱ्यात धरली जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. असे असले, तरी या दोन टक्केवारींमधील अंतर बरेच काही सांगून जाते. खोके परत येते. खोक्यातील संसार परत येत नाही.

असे का होते? येथे चहाच्या पेटीचे सूत्र उपयोगी पडते. पुठ्ठ्याला कागद गिरणी हा धनी कायम तयार आहे. जुन्या सोफ्याला असा धनी क्वचितच मिळतो आणि काळ जाईल तसा तो अधिकच दुर्मीळ होतो. नळीच्या दूरचित्रवाणी संचाचे उदाहरण घेऊ. २००० साली चालू स्थितीतील असा संच एखाद्या गरजू कुटुंबाने आनंदाने घेतला असता. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील प्रमुख केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले. सपाट पडद्याचे संच स्वस्त झाले. त्यानंतर तोच संच कोणालाही नकोसा झाला. एवढेच नव्हे, तर त्याच्या काचेत शिसे असल्यामुळे तो विल्हेवाटीस घातक अशी वस्तू ठरला. या मधल्या वर्षांत तो गाळ्यात सुरक्षित होता, त्याला धूळही लागली नसेल; परंतु त्याची उपयुक्तता त्याच काळात संपली. वस्तू टिकविणे आणि वस्तूचा उपयोग टिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भाडे थकल्यावर काय होते, याचाही येथे विचार करावयास हवा. कॅलिफोर्नियाने १९८१ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा केला. ठरावीक नोटिसांनंतर थकीत भाड्यापोटी गाळ्यातील सामानाचा लिलाव करण्याचा अधिकार अशा कायद्यांनी मालकांना दिला. जुन्या वस्तूंचे व्यापारी हे सामान घेतात, विकण्याजोगे निवडतात व उरलेले टाकून देतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरेज वॉर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने या लिलावांना करमणुकीचे रूप दिले. पर्यावरणाच्या दृष्टीने पाहता हा लिलाव म्हणजे वस्तूंना पुढचा धनी मिळवून देण्याची या व्यवसायातील मोठी संधी होय. परंतु ही संधी मूळ मालकाच्या अडचणीतून निर्माण होते, हे विसरता येत नाही.

व्हिव्हियन मायर यांची हकिकत या दोन्ही बाजू एकत्र दाखविते. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याचे काम करून उपजीविका करणाऱ्या या स्त्रीने आयुष्यभर रस्त्यावरील जीवनाची हजारो छायाचित्रे टिपली व ती कोणाला फारशी न दाखविता गाळ्यांत ठेवून दिली. वृद्धापकाळी भाडे थकले आणि २००७ मध्ये त्या सामानाची विक्री झाली. जॉन मलूफ व अन्य ग्राहकांनी ते विकत घेतले. २००९ मध्ये मायर यांचे निधन झाले आणि त्यानंतर त्यांची गणना विसाव्या शतकातील महत्त्वाच्या छायाचित्रकारांत होऊ लागली. गाळा नसता, तर हा ठेवा कदाचित पूर्वीच नष्ट झाला असता. लिलाव नसता, तर तो जगापुढे आला नसता. परंतु ज्या स्त्रीने तो निर्माण केला, तिच्या हयातीतच तो तिच्या हातून गेला. साठवणीच्या व्यवसायाचा गुण आणि त्याचे निष्ठुरपण ही दोन्ही या घटनेत एकवटली आहेत.

जमिनीच्या वापराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०१७ मध्ये विशिष्ट औद्योगिक क्षेत्रांत नवे साठवणगाळे बांधण्यासाठी विशेष परवानगी आवश्यक केली. रोजगार देणाऱ्या उद्योगांची जागा अत्यल्प रोजगार देणाऱ्या गाळ्यांनी व्यापू नये, हा त्यामागील हेतू होता. सौर पटले बसविलेली इमारतही शहराच्या मर्यादित जमिनीचाच वापर करीत असते.

८. आपल्या समाजाच्या संदर्भात

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांत सेल्फ स्टोरेजची केंद्रे सुरू झाली आहेत. सदनिका लहान, भाड्याची घरे वारंवार बदलणारी आणि नोकरीनिमित्त परदेशी जाणारा वर्ग मोठा, ही कारणे येथे समजण्यासारखी आहेत. परंतु आपल्याकडे या व्यवसायापूर्वीच वस्तूंना पुढचा धनी मिळवून देणारी एक व्यवस्था अस्तित्वात होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, कल्हईवाला, गादी पिंजून देणारा पिंजारी हे सारे या व्यवस्थेचे घटक होत. माळ्यावर चढविलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा दिवाळीच्या साफसफाईत खाली येत आणि दारावर आलेल्या कोणाच्या तरी हवाली होत. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यातील कष्ट बहुधा अल्प मोबदल्याचे होते आणि ते करणाऱ्यांना समाजाने कधी प्रतिष्ठा दिली नाही. तरीही वर्षातून एकदा वस्तूंचा हिशेब होत असे, हे महत्त्वाचे आहे. शहरापासून दूर, कुलूपबंद गाळ्यात ठेवलेल्या वस्तूंच्या वाट्याला ती दिवाळी येत नाही. तेथे दरमहा भाडे आपोआप वळते होते आणि वस्तू नजरेआड राहते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घरगुती सामानाच्या साठवणीच्या व्यवसायात पुनर्वापराची परंपरा पर्यावरणविषयक जाणिवेच्या फार पूर्वीपासून आहे आणि ती काटकसरीतून निर्माण झाली.

२) बांधणीचे साहित्य कंपनीच्या मालकीचे होते तोपर्यंत पुनर्वापर टिकला. ते स्वस्त होऊन ग्राहकाच्या माथी आल्यावर पुनर्वापराची जागा पुनर्चक्रीकरणाने घेतली.

३) आजच्या शाश्वत पद्धती उपयुक्त असल्या, तरी त्या प्रामुख्याने खोके, इमारत व वीज यांपुरत्या मर्यादित आहेत. साठविलेल्या वस्तूंच्या भवितव्याचा त्यांत समावेश होत नाही.

४) वस्तूला पुढचा धनी असेपर्यंतच तिचा पुनर्वापर शक्य असतो. दीर्घकाळ साठवण केल्याने वस्तू टिकते, परंतु बहुतेक वेळा तिचा पुढचा धनी हरवतो.

५) म्हणून या व्यवसायाच्या पर्यावरणीय मूल्यमापनात गाळा रिकामा होतेवेळी किती वस्तू घरी परतल्या, किती दुसऱ्याच्या उपयोगी पडल्या आणि किती क्षेपणभूमीत गेल्या, याची नोंद असणे आवश्यक आहे. अमेरिकेत गुडविलसारख्या संस्था १९०२ पासून जुन्या वस्तू स्वीकारून, दुरुस्त करून विकत आल्या आहेत. अशा संस्थांशी साठवण केंद्रांचे नियमित सहकार्य झाल्यास गाळा सोडण्याचा दिवस हा कचऱ्याचा दिवस ठरणार नाही.

आपल्याकडे हा व्यवसाय अद्याप बाल्यावस्थेत आहे. खोक्यांच्या पुनर्वापराची पद्धत तो पाश्चात्त्य देशांकडून सहज उचलेल. परंतु रद्दीवाला, भंगारवाला व जुन्या फर्निचरचा व्यापारी यांना केंद्राच्या दाराशी स्थान देण्याची कल्पना त्याने आपल्याच परंपरेतून घ्यावयास हवी. ती घेतली गेली, तर वस्तू नजरेआड होण्यापूर्वीच तिला पुढचा धनी मिळण्याची शक्यता वाढेल.